ताटातला परमुलूख

प्रवासवर्णनात लेखक परक्या पंगतीला बसला, की आता चेष्टा येणार हे वाचक ओळखतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ (१९६०) आणि ‘पूर्वरंग’ (१९६३) या पुस्तकांत लेखक आधी स्वतःला हसतो. त्यांचे अनुकरण करणारे मात्र ताटालाच हसतात. मीही त्यांतलाच.

घाटावरून बदली होऊन मी कुळगावी आलो. मृगाच्या पावसात ठाकर-कातकरी बाया येथे शेवळे विकायला आणतात. हौसेने एक वाटा घेतला, भाजी केली आणि घसा खाजून बेजार झालो. त्या भाजीची टवाळी करणारे एक प्रकरणच मी कादंबरीत घातले. वाचक हसले.

पुढल्या मृगात बाईने विचारले, “गुरुजी, काकडं नाय टाकलीत?” काकडाची आंबट फळे शेवळांबरोबर शिजवली, की खाज जाते. ती तिच्या टोपलीतच होती. मी विचारले नव्हते.

तेव्हापासून प्रवासवर्णन वाचताना मी एवढेच पाहतो : लेखकाने रांधणाऱ्याला काही विचारले आहे काय? या परीक्षेत माझे प्रकरण नापास झाले आहे.