तीन थरांचा हिशेब

थंडीत लोकरीचे कपडे ऊब देतात, हे वाक्य आपण वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. डोंगरात जाणाऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तिकांत त्याचीच थोडी मोठी आवृत्ती भेटते : अंगावर तीन थर हवेत. आतला घाम टिपणारा, मधला ऊब राखणारा आणि बाहेरचा वारा-पाऊस अडवणारा. हा सल्ला चुकीचा नाही. पण सामान लादलेल्या सायकलवरून घाट ओलांडणाऱ्याला तो जसाच्या तसा दिला, तर तो अपुरा पडतो आणि कधी धोक्याचाही ठरतो, असे आमचे मत आहे.

प्रथम या सल्ल्याचे श्रेय त्याला देऊ. थरांची कल्पना जुनी आहे. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीशा झालेल्या जॉर्ज मॅलरीचा मृतदेह १९९९ साली सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे अनेक थर होते आणि त्यांवर घट्ट विणीचे गॅबर्डिन होते. काम करते ती या थरांत अडकलेली स्थिर हवा. ती उष्णतेची फार मंद वाहक आहे. पाणी मात्र तिच्या सुमारे चोवीस पट अधिक उष्णता वाहून नेते. म्हणजे थर उपयोगी पडतात ते दोन अटींवर : ते कोरडे असावेत आणि त्यांतली हवा हलू नये. सायकलस्वार नेमक्या याच दोन अटी मोडतो.

मनाली-लेह रस्त्याचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातूनही अनेक सायकलस्वार तेथे जातात. मनाली सुमारे २,००० मीटरवर, तर वाटेतली तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते, हे आपण शिकवतोच. पुस्तिकाही कपडे निवडताना हाच आकडा पुढे करतात. आम्हीही तोच धरून चाललो होतो. बारालाचा खिंडीचा चढ लागला तेव्हा हवा थंड होती, म्हणून तिन्ही थर चढवले. वर पोचलो तेव्हा आतला सुती बनियन पिळून निघेल इतका भिजला होता. सरचूच्या बाजूचा उतार सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत बोटे इतकी बधिर झाली की ब्रेक दाबता येईनात. कपडे तेच होते, उंचीही फारशी बदलली नव्हती. मग बदलले काय?

हिशेब करून पाहू. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलोग्रॅम वजन तासाला ५०० मीटर उंच चढवायचे, तर सुमारे १३६ वॅट शक्ती लागते. रस्त्याचे घर्षण धरून १५० म्हणू. स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम पाव. म्हणजे शरीर सुमारे ६०० वॅट खर्च करते आणि त्यांतले ४५० वॅट उष्णता म्हणून बाहेर टाकावे लागतात. उतारावर तोच माणूस नुसता बसून असतो. तेव्हा उष्णता निर्माण होते ती शंभर-सव्वाशे वॅट. चढावर वेग ताशी सहा-सात किलोमीटर, उतारावर चाळीस. अमेरिका व कॅनडाने २००१ साली स्वीकारलेल्या सूत्राप्रमाणे ५ अंशांची हवा ताशी ४० किलोमीटर वेगाने लागली, तर उघड्या त्वचेला ती शून्याच्याही किंचित खाली गेल्यासारखी भासते.

आता भिजलेला बनियन. त्यात २०० ग्रॅम घाम उरला असे समजा. एक ग्रॅम पाण्याच्या वाफेसाठी सुमारे २,४०० ज्यूल लागतात. हा बनियन तासाभरात वाळला, तर त्याला १३३ वॅट पुरवावे लागतील. त्यांतला बराच वाटा शरीराकडूनच जाणार. विसावलेले शरीर जेवढी उष्णता निर्माण करते, जवळपास तेवढीच मागणी एकट्या बनियनची!

आमचा आक्षेप आहे तो येथे. पुस्तिका सांगतात, थंडी वाजली की थर चढवा. सायकलस्वाराला याआधीचा नियम हवा : घाम येण्यापूर्वी थर काढा. चढ सुरू करताना थोडी थंडी वाजत असेल, तर ते योग्यच. चढावर आतला पातळ थर पुरतो आणि त्याची चेन उघडी असावी. खिंडीत पोचताच, अंग गार पडायच्या आत, कोरडा थर, विंडचीटर, कानटोपी आणि हातमोजे चढवावेत. म्हणून हे सामान पिशवीच्या तळाशी नव्हे, तर हाताशी हवे. आतला थर सुती नको. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून लवकर वाळतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषूनही ओली वाटत नाही.

‘पाणी अडवणारा, पण घामाची वाफ सोडणारा’ अशी जाहिरात होणाऱ्या बाहेरच्या थराबद्दलही सावध असावे. वाफ जाते ती आतबाहेरच्या बाष्पदाबातील फरकामुळे. लडाखच्या कोरड्या हवेत तो फरक मोठा असतो. सह्याद्रीतल्या आषाढात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते, तेथे या गुणाचा फारसा उपयोग नाही. वारा अडवायला तर महागडे कापड लागतही नाही. टूर द फ्रान्समधले स्वार खिंडीत पोचल्यावर छातीवर वर्तमानपत्र कोंबून उतरत, ते याचसाठी.

हे सारे वर्गात दाखवता येते. तीन सारख्या बाटल्यांत ६० अंशांचे पाणी भरा. एकीला कोरडे सुती फडके गुंडाळा, दुसरीला ओले, तिसरीला ओले फडके आणि त्यावर पॉलिथिन. तिन्ही पंख्यासमोर ठेवून दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा. दुसरी बाटली इतरांच्या किती पुढे थंड होते ते मुलांनी आलेखावर काढावे आणि तिसरी मागे का राहिली याचे कारण त्यांनीच शोधावे.

एवढे झाले की फळ्यावरचे ते जुने वाक्य मुले स्वतःच दुरुस्त करतील. ऊब देते ते शरीर. कपडा फक्त तिचा जमाखर्च सांभाळतो, आणि तोही कोरडा असेल तोवरच.