वीस फुटी भिंत आणि पाच कोटी डॉलर

नॅनोतंत्रज्ञानावर मराठीत जे लेख माझ्या वाचनात आले, त्यांतले बहुतेक रिचर्ड फाइनमन यांच्या २९ डिसेंबर १९५९ च्या कॅलटेकमधील भाषणापासून सुरू होतात. अणू एकेक करून रचण्याची ती कल्पना, मग रक्तवाहिनीत फिरणारे चिमुकले यंत्रमानव, डाग न पडणारे कापड आणि शेवटी उज्ज्वल भविष्य. या कथेत प्रतिभावंत आहे, कल्पना आहे; पैसा मात्र कुठेच नाही. प्रयोगशाळा जणू आपोआप उभ्या राहिल्या.

त्या उभ्या कशा राहिल्या, हे पाहायचे तर भाषणाच्या पुढच्याच वर्षाकडे जावे लागते. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, १९५८ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यात ‘आर्पा’ ही संस्था निघाली आणि १९६० साली या संस्थेने कॉर्नेल, पेनसिल्व्हेनिया आणि नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांशी आंतरशाखीय प्रयोगशाळांचे करार केले. क्षेपणास्त्राचे टोक वातावरणात परतताना वितळू नये, अणुभट्टीतला धातू टिकावा, अर्धवाहक शुद्ध मिळावेत, अशा गरजा लष्कराच्या होत्या. त्यासाठी भौतिकी, रसायन आणि धातुशास्त्र या तीन विभागांतली माणसे एका छपराखाली आणली गेली. ‘मटेरिअल्स सायन्स’ या विषयाला विद्यापीठात घर मिळाले ते मुख्यतः या पैशातून. (आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘पदार्थविज्ञान’ म्हणजे भौतिकी, म्हणून इथे इंग्रजी नावच ठेवतो.) पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात विद्यापीठांत असंतोष वाढला. १९६९ च्या मॅन्सफिल्ड दुरुस्तीने लष्करी कामाशी थेट संबंध नसलेल्या संशोधनावर संरक्षण खात्याने खर्च करू नये असे ठरले, आणि १९७२ साली या प्रयोगशाळा नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे गेल्या. हिशेब मिटला, असे तेव्हा वाटू शकले असते.

तीस वर्षांनी तो नव्याने उघडला. अमेरिकेच्या राष्ट्रीय नॅनोतंत्रज्ञान उपक्रमाच्या पहिल्या वर्षी, २००१ मध्ये, एकूण सुमारे ४६ कोटी ४० लाख डॉलर खर्च झाले. त्यांतले साडेबारा कोटी संरक्षण खात्याचे होते, म्हणजे चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक. आणि मार्च २००२ मध्ये एमआयटीने जाहीर केले की, अमेरिकी लष्कर पाच वर्षांसाठी पाच कोटी डॉलर देणार असून त्यातून ‘इन्स्टिट्यूट फॉर सोल्जर नॅनोटेक्नॉलॉजीज’ स्थापन होईल.

या घोषणेतला मजकूर मी साहित्यकृती वाचावी तसा वाचला आहे. मी कोणत्याही विद्यापीठात नाही, विज्ञानाचे रीतसर शिक्षणही फारसे नाही. वाक्य कुणासाठी लिहिले आहे एवढे ओळखण्याची सवय मात्र आहे. मजकुरात सैनिकाच्या पाठीवरचे शंभर पौंडांहून अधिक ओझे हलके करण्याची भाषा आहे. ती समजते, आणि ओझे खरेच आहे. पण तिथेच तेव्हाचे संचालक एडविन थॉमस, पॉलिमरचे नाणावलेले अभ्यासक, वीस फुटी भिंत उडी मारून ओलांडणाऱ्या अजिंक्य योद्ध्यांचे वर्णन करतात आणि ते पाहून शत्रूच्या मनाचे काय होईल, याची कल्पना करायला सांगतात. शत्रू येतो तो एवढ्याचपुरता, घाबरण्यासाठी. त्याला मन आहे, शरीर नाही. ज्या संस्थेचा सगळा विषय शरीर वाचवणे हा आहे, तिच्या मजकुरात दुसऱ्या बाजूचे शरीर नसावे, हे मला चित्रापेक्षाही बोलके वाटते.

चित्राचे प्रकरण असे. घोषणेसोबत भविष्यातल्या सैनिकाचे एक चित्र होते. मॉन्ट्रियलचे रे आणि बेन लाय हे बंधू ‘रेडिक्स’ नावाचे कॉमिक काढत. हे चित्र आपल्या चिलखतधारी नायिकेवरून उतरवले आहे, अशी तक्रार त्यांनी त्याच वर्षी केली. एमआयटीने दिलगिरी व्यक्त केली आणि चित्र काढून टाकले. कॉलिन मिलबर्न यांनी या प्रकरणावर विस्ताराने लिहिले आहे; लष्करी विज्ञान आणि विज्ञानकथा यांतली रेघ इथे पुसट होते, हा त्यांचा रोख. मला तो पटतो, पण पुरेसा वाटत नाही. रेघ पुसट होत नाही, ती नीट सांभाळली जाते. भिंत ओलांडणारा योद्धा निधी देणाऱ्यांसाठी आणि वृत्तपत्रांसाठी. सहकारी शास्त्रज्ञांसाठी निघालेले निबंध वेगळेच: तंतू, पटल, रेणूंचे थर. त्यांतले जे मी पाहिले, त्यांत कुणी भिंत ओलांडत नाही. दोन वाचकवर्ग, दोन भाषा. त्यांना जोडते ती निबंधाच्या शेवटची आभाराची ओळ, जिथे लष्कराचे नाव आणि कराराचा क्रमांक असतो. ती ओळ मी आधी वाचतो.

यावर नेहमीचे उत्तर असे की, पैसा कुणाचाही असो, ज्ञान सर्वांचे होते. हे उत्तर पोकळ नाही. १९९८ साली योएल फिंक, थॉमस आणि सहकाऱ्यांनी सर्व दिशांनी प्रकाश परतवणारा आरसा तयार केला, तो संरक्षण खात्याच्या साहाय्याने. पुढे त्याच तत्त्वावर आतून पोकळ तंतू झाले, आणि त्यांतून कार्बन डायऑक्साइड लेझर नेऊन शस्त्रक्रिया होऊ लागल्या. ज्याच्या गळ्यातली गाठ अशी निघाली, त्याला आभाराच्या ओळीशी काय कर्तव्य? पण या उदाहरणाने सिद्ध होते ते एवढेच की लष्करी प्रश्नाचे उत्तर कधी कधी रुग्णालयातही उपयोगी पडते. प्रश्न कुणी निवडला, हे त्याने बदलत नाही. हाच पैसा थेट रुग्णालयाच्या प्रश्नासाठी मिळाला असता तर कोणता तंतू आधी झाला असता, याचे उदाहरण कुणी देऊ शकत नाही, कारण तो झालेला नाही.

आपल्याकडे अंबरनाथला नौदलासाठीच्या पदार्थ संशोधनाची प्रयोगशाळा आहे, संरक्षण संशोधन व विकास संघटनेची. तिच्या पाटीवरच सगळे लिहिलेले आहे. त्या प्रयोगशाळेशी वाद घालायचा तर निदान कुणाशी, ते कळते. विद्यापीठात आलेला लष्करी पैसा पाटी लावत नाही असे नाही, केंब्रिजच्या त्या संस्थेच्या नावात तर ‘सोल्जर’ आहेच. पण तिथून बाहेर पडणारा तरुण संशोधक आपल्याला पॉलिमरचा अभ्यासक म्हणवतो, आणि ते खोटेही नसते.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ युर्गेन आल्टमन यांनी २००६ च्या पुस्तकात लष्करी नॅनोतंत्रज्ञानाला आधीच मर्यादा घालण्याच्या सूचना केल्या आहेत. शरीरात बसवायच्या बिगरवैद्यकीय साधनांवर दहा वर्षांची स्थगिती ही त्यांतली एक. पुस्तक कोरडे आहे, तक्त्यांनी भरलेले; शत्रूलाही शरीर असते हे मात्र त्यात गृहीत आहे. एमआयटीतल्या संस्थेचा करार २००७ साली वाढवला गेला, २०१२ साली पुन्हा.