मालिकेतला मुसलमान आणि त्याचे चाहते

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी लिहायचे म्हटले की आपल्यातली सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. पण आपल्या मोहल्ल्यात पुस्तके किती घरांत पोहोचली आणि केबल किती घरांत पोहोचली, याचा हिशेब एकदा प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. आपल्या मुलींनी स्वतःच्या समाजाचे चित्र कथा-कादंबऱ्यांपेक्षा मालिकांतूनच जास्त पाहिले आहे. म्हणून त्या मालिका कशा होत्या यासोबत आपण त्या कशा पाहिल्या, याचाही विचार व्हायला हवा.

ऑक्टोबर २०१२ मध्ये झी टीव्हीवर 'कुबूल है' सुरू झाली तेव्हा मी सोलापुरात बी.एड. करीत होते. संध्याकाळी पाठ टाचणे काढायची आणि रात्री अम्मा, खाला, शेजारच्या भाभी यांच्याबरोबर टीव्हीसमोर बसायचे, असा क्रम होता. भोपाळचा शिस्तप्रिय असद अहमद खान आणि न्यूयॉर्कहून आलेली धडपडी झोया यांची ती गोष्ट. मुख्य वेळेत मुस्लिम कुटुंब मध्यभागी ठेवणारी ती पहिली मालिका नव्हे. सोनी वाहिनीवर १९९८ मध्ये 'हिना' आली होती आणि ती काही वर्षे चालली. पण मधल्या काळात सासू-सुनांच्या मालिकांची जी लाट आली, तिच्यात आपण जवळपास दिसेनासे झालो होतो. बातम्यांत मात्र रोज दिसत होतो, आणि कशासाठी दिसत होतो ते वाचकांना सांगायला नको.

म्हणून झोया काही गोंधळ घालून 'अल्लाह मियाँ'ला हाक मारू लागली की आमच्या घरात हशा पिकायचा. आमच्या मुली तशाच बोलतात. सलाम, दुवा, ईदीचा हट्ट या गोष्टी कुणी समजावून न सांगता पडद्यावर येत होत्या, याचेच अप्रूप मोठे होते. वर्गातल्या एका लिंगायत मैत्रिणीने मला विचारले, "निकाहात तीनदा कबूल का म्हणतात गं?" मला उत्तर येत नव्हते. घरी विचारले तेव्हा अब्बांनी सांगितले की तीनदा म्हणणे हा रिवाज आहे, साक्षीदारांसमोर एकदा दिलेला कबूलही पुरतो. एका मालिकेमुळे माझ्याच धर्मातली एक गोष्ट मला कळली.

२०१३ च्या अखेरीस करणसिंग ग्रोव्हरने मालिका सोडली आणि असदच्या भूमिकेत राकेश बापट आला. चाहत्यांनी मोठी नाराजी व्यक्त केली. माझी खाला तर दोन दिवस टीव्हीसमोर बसली नाही. पण या सगळ्या रागात नट मुसलमान आहे की नाही, हा प्रश्न आमच्यात कुणीही काढला नाही. ग्रोव्हर मुसलमान नाही, बापट नाही, झोया झालेली सुरभी ज्योतीही नाही. बायकांना त्यांचा असद हवा होता, एवढेच.

दुसरी प्रतिक्रिया दीनदार घरांतून आली. परक्या पुरुषाशी इतकी सलगी करणारी ही कसली मुसलमान मुलगी, अशी तक्रार इज्तिमातल्या बायकांत मी ऐकली आहे. ही तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. चारचौघांत आपले चित्र क्वचितच लागत असेल, तर ते एक तरी नीट असावे असे वाटणे साहजिक आहे. पण प्रत्येक पात्राने नमुना व्हायचे ठरवले तर नाटक संपते आणि तकरीर सुरू होते. नाटकाला चुकणारे माणूस लागते.

माझा आक्षेप वेगळा आहे. या घरांत झुंबरे होती, न्याहारीलाही शेरवानी होती, मात्र महिनाअखेर कधी येत नव्हती. पुढे २०१४ मध्ये कथेने वीस वर्षांची उडी मारली, जुळ्या बहिणी आल्या, सूड आणि कारस्थाने आली. मग नावे तेवढी मुसलमान राहिली, बाकी गोष्ट कुठल्याही घराण्याची झाली.

जून २०१४ मध्ये 'जिंदगी' वाहिनी आली आणि तिच्यावर पाकिस्तानी मालिका दिसू लागल्या. 'जिंदगी गुलजार है' मधली कशफ पाहताना अम्मा पहिल्यांदा म्हणाली, "ये अपने सारकी है." मुलगा हवा म्हणून बापाने दुसरे लग्न केलेले, आई शिक्षिका, तीन मुलींचे शिक्षण तिच्या पगारावर. कशफ हुशार आहे, गरीब आहे आणि तिरसटही आहे. ती देवाकडेसुद्धा तक्रार करते. तिला एवढी मोकळीक कशी मिळाली? भोवतालचे सगळेच मुसलमान असल्यामुळे तिला कौमेची प्रतिनिधी व्हावे लागले नाही. ती फक्त कशफ असू शकली.

याचा अर्थ तिकडचे सारे आदर्श होते असे नाही. शेवटाकडे कशफचा ताठरपणा हाच जणू दोष ठरतो, हे मला तेव्हाही खटकले होते. शिवाय त्या देशातल्या हिंदूंनी आणि ख्रिश्चनांनी 'आम्ही तुमच्या पडद्यावर कुठे आहोत?' असे विचारले, तर तेथील लेखकांनाही उत्तर देणे जड जाईल. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर वाहिनीने या मालिका थांबवल्या. अम्माने त्यावर काही भाष्य केले नाही. रिमोट मात्र बरेच दिवस त्याच जागी जाऊन थांबत असे.

२०१८ मध्ये झी टीव्हीवरच 'इश्क सुभान अल्लाह' आली. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला होता आणि चर्चा तापलेली होती. मालिकेने तोच विषय घेतला. मुसलमान पुन्हा पडद्यावर आला, पण या वेळी 'प्रश्न' म्हणून. चाहत्यांनी काय केले? कबीर आणि झारा यांची नावे जोडून एकच नाव केले आणि त्यांच्या भांडणाची व समेटाची वाट पाहिली. शरिया बोर्डातल्या वादापेक्षा ती दोघे आज बोलतात की नाही, याची काळजी त्यांना अधिक होती. निर्मात्यांनी ज्यांचा प्रश्न केला होता, त्यांना प्रेक्षकांनी पुन्हा माणसे केले. मला यात सामान्य चाहत्याचे शहाणपण दिसते.

पण भोपाळ आणि लखनौमध्ये आम्ही कुठे? काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "टीचर, टीव्ही में के मुसलमान अपने सारका कायकू नै बोलते?" तिचे वडील बागवान, मंडईत मराठीत भाव सांगणारे, घरात दखनी बोलणारे. ही मुलगी आईला 'नक्को' म्हणू नको, 'नहीं' म्हण, असे शिकवू लागली होती. मालिकेतले बोलणे ते खरे आणि आईचे ते गावंढळ, असे तिच्या मनाने घेतले होते.

मी तिला काय सांगणार? मी स्वतः कित्येक वर्षे निबंधाच्या वह्यांत 'नक्को'खाली लाल रेघ ओढली होती. परीक्षेला प्रमाण उर्दू हवी, हे खरेच आहे. पण संवाद लिहायला सांगितला असताना आईच्या तोंडचे 'नक्को' चूक कसे ठरेल? ती रेघ मी आता ओढत नाही.

१९८६ च्या 'नुक्कड' मध्ये कादरभाई होते. शेरवानीशिवाय, नवाबीशिवाय, चहाच्या हॉटेलात उधारीची कटकट करणारे. नाक्यावरच्या इतर माणसांसारखेच एक माणूस. ते चित्र आज मराठी मालिकांत तरी कुठे आहे? नुसती संख्या वाढवून हे साधणार नाही. ईदच्या एका भागापुरता शीरखुर्मा घेऊन येणारा शेजारी आम्हाला पुरेसा नाही. मंडईतली बागवान बाई, शाळेच्या फीसाठी भिशी लावणारी तांबोळ्याची सून, यांना सण नसतानाही पडद्यावर यायचा हक्क हवा.

निर्मात्यांना दोष देऊन मात्र आपण मोकळे होऊ शकत नाही. 'जिंदगी गुलजार है' आणि 'हमसफर' या दोन्ही मालिका आधी कादंबऱ्या होत्या आणि त्या उमेरा अहमद व फरहत इश्तियाक या बायकांनीच लिहिल्या होत्या. आधी कागदावर माणूस उभा राहिला, मग पडद्यावर. आमच्या बागवानाची मुलगी आज मराठीही उत्तम लिहिते. तिच्या आईची गोष्ट तिने तिच्या आईच्या बोलीत लिहावी आणि आपण ती छापावी. पडद्याचे नंतर पाहता येईल.