‘वाद’ नावाचा रकाना : वसईच्या मुलांबरोबर पाहिलेली तीन चित्रे

रविवारी सकाळी माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या वह्यांत एक तक्ता हमखास सापडतो. पहिला रकाना ‘वाद’, मग ‘साल’, मग ‘चित्रकार’ आणि शेवटी ‘वैशिष्ट्ये’. दृक्‌प्रत्ययवाद, घनवाद, अभिव्यक्तिवाद, अतिवास्तववाद अशी वरून खाली रांग लागलेली असते. घनवादापुढे पिकासो आणि ब्राक, वैशिष्ट्यांत ‘भौमितिक आकार’. भारतीय चित्रकार शेवटच्या पानावर, आणि तेही याच खुंट्यांना टांगलेले. हा तक्ता मी स्वतः कित्येक वर्षे फळ्यावर काढून दिलेला आहे. तेव्हा पुढे त्याच्यावर जी टीका येईल ती आधी माझ्यावरची समजावी.

माझे चित्रकलेचे रीतसर शिक्षण इंटरमिजिएट परीक्षेपाशी थांबले. पुढची तीस वर्षे हिशेबाच्या वह्यांत गेली. वाचन चालू होते ते विरार ते चर्चगेट या प्रवासात, बसायला जागा मिळाली तर. जहांगीर कलादालन चर्चगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे मधल्या सुट्टीत चित्रे पाहण्याची सवय लागली. नोकरी सुटल्यावर वसईत घरीच सात-आठ मुले जमवली. त्यांतली काही एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी, दोघे कला महाविद्यालयाची तयारी करणारे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती हे त्यांचे शाळेत होते किंवा होत नाही. चित्रकलेचा तास गणिताला देण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे की त्याची तक्रारही कुणी करत नाही. माझ्याकडे ती येतात ती ‘मॉडर्न आर्ट समजावून सांगा’ म्हणून.

दोन वर्षांपूर्वी मी तक्ता बंद केला. एक चित्र भिंतीवर लावायचे, चित्रकाराचे नाव सांगायचे नाही, तासभर फक्त काय दिसते ते बोलायचे. मुलांना छापील चित्रांतून मापाचा अंदाज येत नाही, म्हणून मूळ चित्राएवढा वर्तमानपत्राचा कागद जोडून शेजारी चिकटवायचा. एवढीच पद्धत. तीत नवे काही नाही, पण तिच्यामुळे माझी स्वतःची काही मते मला बदलावी लागली, आणि ती कोणती हे सांगण्यासाठी हा लेख.

पहिले चित्र फ्रान्सिस न्यूटन सोझांचे ‘क्रुसिफिक्शन’. १९५९ सालचे, आज लंडनच्या टेट संग्रहालयात असलेले, सुमारे सहा फूट उंच आणि चार फूट रुंद. काळा पडलेला, हाडांचा, काट्यांचा ख्रिस्त. तक्त्याप्रमाणे याचे उत्तर तयार आहे : अभिव्यक्तिवाद, रूओचा प्रभाव, जाड काळी रेषा. मी स्वतः हेच लिहून दिले असते. पण वसईतल्या निम्म्या मुलांच्या घरात क्रूस आहे. गास गावातली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “काका, आमची आजी हे घरात लावू देणार नाही. पण गुड फ्रायडेला क्रुसाची वाट करताना धर्मगुरू जे वाचतात ना, ते असंच असतं. आपण ऐकतो एक आणि अल्तारावर बघतो दुसरं.”

मला हे मोठे वाटले, आणि आजही वाटते. वेदनेचे वर्णन कानांनी ऐकायचे आणि डोळ्यांसमोर मात्र गुलाबी, सोनेरी, शांत मूर्ती ठेवायची, ही फट तिने अचूक दाखवली. सोझा याच फटीत वाढले होते. जन्म १९२४ चा, गोव्यातल्या साळगावचा. वडील लवकर गेले, आई शिवणकाम करून घर चालवणारी. लहानपणी देवी आल्या, तेव्हा मुलगा वाचला तर त्याला धर्मगुरू करीन असा तिने नवस केला आणि संत फ्रान्सिस झेवियरचे नाव त्याच्या नावाला जोडले. नवस फेडायचा राहिला. मुलगा मुंबईत शाळेतून निघाला, पुढे जे. जे. स्कूलमधूनही काढला गेला, आणि १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप उभा करणाऱ्यांत पुढे होता. चर्चच्या थाटाचे आणि काटेरी मुकुटातल्या रक्तबंबाळ ख्रिस्ताचे आपल्याला लहानपणी कसे वेड होते, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे या काळ्या ख्रिस्ताचे पहिले मूळ युरोपच्या संग्रहालयांत शोधण्याचे कारण नाही. ते गोव्याच्या चर्चमध्ये आहे, आणि म्हणून वसईच्या मुलीला ते माझ्याआधी सापडले.

त्याच दिवशी दुसऱ्या एका मुलाने संत गोन्सालो गार्सियाचा विषय काढला. वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेलेला, १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झालेला हा आपल्याकडचा माणूस. “त्याचंही चित्र असं काढलं तर?” असा प्रश्न. मी उत्तर दिले नाही. त्याने पुढच्या आठवड्यात काढून आणले : भाला, दोरी, आणि मागे किल्ल्याची भिंत. रेषा सोझांची उचललेली होती, पण चेहरा आमच्या पापडीच्या बाजारात दिसेल असा होता. ‘प्रभाव’ हा शब्द तक्त्यात आपण केवढ्या सहज लिहितो! तो घडताना असा दिसतो.

हुसेनांच्या ‘जमीन’वर आम्ही कमी वेळ घालवला, याला कारण छपाई. मूळ चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे, लांबी सुमारे १८ फूट. वर्तमानपत्राची पट्टी खोलीच्या एका भिंतीवर मावेना, कोपरा वळून दाराशी गेली. मुले हसली, पण चालत चालत पाहण्याचे चित्र म्हणजे काय ते तिथेच कळले. १९५५ च्या या चित्राला ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनात पारितोषिक मिळाले होते. तक्त्यात हुसेन घनवादाखाली येतात, तुकड्या-तुकड्यांची रचना म्हणून. पण हे तुकडे एकामागून एक येणारे कप्पे आहेत, पोथीच्या पानासारखे किंवा सिनेमाच्या फिल्मसारखे. पंढरपुरात जन्मलेल्या या माणसाने मुंबईत पोट भरले ते सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून. १९४८ साली सोझांबरोबर दिल्लीला जाऊन त्यांनी प्राचीन भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन पाहिले. मथुरेची शिल्पे आणि पहाडी लघुचित्रे डोक्यात घेऊन ते परतले. नालासोपाऱ्याच्या एका मुलाचे वडील पाट्या रंगवत असत, फ्लेक्स आल्यावर ते काम गेले. तो म्हणाला, “लांबून वाचता यावं म्हणून पाटीवर असाच काळा काठ देतात.” मी हे कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. पूर्ण पटलेलेही नाही, कारण काळ्या काठाचे श्रेय एकट्या होर्डिंगला देता येत नाही. पण ‘घनवाद’ या उत्तरापेक्षा ते चित्राच्या जवळचे आहे.

आता तिसरे चित्र, ज्याने माझी खरी अडचण केली.

जिव्या सोमा म्हशे यांनी मासेमारीच्या जाळ्याचा विषय पुनःपुन्हा रंगवला. शेणाने सारवल्यासारख्या मातकट पार्श्वभूमीवर बारीक पांढऱ्या रेषांचे जाळे, जवळजवळ सगळा पृष्ठभाग व्यापणारे. माणसे किरकोळ. आपल्या पालघर जिल्ह्यातले, डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्यातले हे चित्रकार २०११ साली पद्मश्री झाले आणि २०१८ मध्ये गेले. आमच्याकडे वारली चित्र हे रिक्षाच्या पाठीवर, सोसायटीच्या भिंतीवर, हॉटेलच्या मेनूकार्डवर असते. मुलांनी ते चौथीपासून काढलेले असते : दोन त्रिकोण जोडले की माणूस. म्हणून हे चित्र लावल्यावर सगळ्यांनी एका सुरात ‘वारली’ म्हटले आणि बोलणे संपले. तक्त्यात त्याला जागाच नव्हती. ते ‘लोककला’ या वेगळ्या धड्यातले.

पाचूबंदरची एक मुलगी मात्र उठून जवळ गेली. तिच्या घरी डोल जाळे लावतात. तिने बोटाने रेषा मोजल्यासारख्या केल्या आणि म्हणाली, “हे समुद्राचं जाळं नाही. आमचं जाळं तोंडाशी मोठ्या आसाचं असतं आणि खोल्याकडे बारीक होत जातं. हे सगळीकडे सारखंच आहे.” थोड्या वेळाने : “जाळं कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नाही.”

मी तिला बसायला सांगितले, कारण मला विचार करायचा होता. चित्राचा सबंध पृष्ठभाग एकाच बारीक खुणेने भरणे, केंद्र न ठेवणे, वस्तू आणि अवकाश एकाच रेषेतून काढणे; हे वर्णन एखाद्या पाश्चात्त्य अमूर्त चित्रकाराबद्दल लिहिले असते तर मी त्याला विसाव्या शतकाचा शोध म्हटले असते. म्हशे यांच्याबद्दल तेच दिसले की ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून मोकळा होत होतो. आणि परंपरा तरी कोणती? वारली लग्नात चौक लिहितात त्या सवासिनी. तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, लग्नापुरता, मध्यभागी पालघट देवी असलेला. पुरुषाने, रोज, लग्नकार्य नसताना, कागदावर आणि कापडावर, विकण्यासाठी चित्र काढणे ही परंपरा नाही. ती १९७० नंतरची घटना आहे. विणकर सेवा केंद्राशी संबंधित असलेले भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद घेऊन गेले, तिथून तिची सुरुवात. लहानपणी आई गेल्यावर बोलणे सोडून धुळीत रेघोट्या काढत बसणारे म्हशे त्यांना भेटले. १९७५ मध्ये त्यांची चित्रे मुंबईत शेमोल्ड गॅलरीत लागली. १९८९ साली पॅरिसच्या ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात ती होती. २००३ मध्ये रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताचे आणि त्यांचे एकत्र प्रदर्शन जर्मनीत झाले.

सालांकडे नुसते पाहिले तरी पुरे. सोझांचा ख्रिस्त १९५९ चा. म्हशे यांचे जाळे त्याच्यानंतरचे. तरी आपल्या वहीत सोझा ‘आधुनिक’ आणि म्हशे ‘प्राचीन’.

याच्यापुढे मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती आधीच का दिसली नाही याची लाज वाटली. प्रभाकर बरवे, ज्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ मी कितीदा वाचले आहे, ते १९६१ पासून वीसेक वर्षे विणकर सेवा केंद्रातच नोकरीला होते, आधी बनारसला आणि मग मुंबईत. अलिबागजवळच्या नागावचा, जे. जे. मध्ये शिकलेला, मराठीतला सर्वांत चिंतनशील आधुनिक चित्रकार. आणि डहाणूच्या पाड्यावर कागद पोचवणारा माणूस. दोघांचा संबंध एकाच सरकारी यंत्रणेशी, हातमागाच्या नक्षीशी. बरव्यांना मी वर्षानुवर्षे मुलांना ‘अतिवास्तववाद’ या खुंटीला टांगून दाखवत आलो : घड्याळ, पान, पाकीट, रिकामी जागा, म्हणजे स्वप्न. पण कापडावर नक्षीचा एकेक घटक सुटा करून ठेवण्याचे काम रोज करणारा माणूस कॅनव्हासवर वस्तू सुट्या सुट्या ठेवतो, याचा नोकरीशी संबंध असू शकतो, हे मी कधी बोललोच नव्हतो. मी इथे ‘असू शकतो’ एवढेच म्हणतो. स्वतः बरवे आपल्या चित्रांबद्दल बोलतात ते वस्तू, तिची प्रतिमा आणि अवकाश यांच्या अंगाने. नोकरीचे कारण पुढे केल्याने ते बोलणे खोटे ठरत नाही.

एक आक्षेप मला मान्य आहे. म्हशे यांना ‘आधुनिक’ म्हटल्याने त्यांचा मान वाढतो असे समजणे हासुद्धा तक्त्याचाच अहंकार आहे. ते कुठल्याही वादाच्या बैठकीला गेले नाहीत, त्यांनी जाहीरनामा लिहिला नाही. शिवाय लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांची नावे कुणी टिपून ठेवली नाहीत, आणि पद्मश्री मिळाली ती पुरुषाला, ही गोष्ट त्यांच्या आधुनिकतेच्या पोटातच आहे. गासची मुलगी हे ऐकून म्हणाली, “म्हणजे विकायला लागल्यावर पुरुषांचं झालं.” एवढे सरळ वाक्य मी या लेखात स्वतः लिहू शकलो नसतो.

वाद निरुपयोगी आहेत असे माझे म्हणणे नाही. कला महाविद्यालयाच्या तयारीतल्या दोघांना तारखा पाठ कराव्याच लागतील, मी त्या करून घेतो. फक्त क्रम उलटा केला आहे. आधी चित्र, मग माणूस, मग त्याचे गाव आणि पोटाचा धंदा, आणि वाद सर्वांत शेवटी, तोही पेन्सिलने.

दिवाळीनंतर बरव्यांचे चित्र घ्यायचे ठरले आहे, पण ते छापील नको, यावर सगळ्यांचे एकमत झाले. बरवे एनॅमल रंग वापरत. नालासोपाऱ्याच्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, “डब्यातला? दाराला लावतात तो?” पाचूबंदरची मुलगी म्हणाली, “होडीलापण तोच.” त्या रंगाची सपाट चकाकी पुस्तकाच्या पानावर उतरत नाही, ती पाहायला मूळ कॅनव्हाससमोर उभे राहावे लागते. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात किंवा दुसऱ्या कुठल्या दालनात बरवे सध्या भिंतीवर आहेत का याची चौकशी चालू आहे. सोमवारी संग्रहालय बंद, रविवारी दोघांना चर्च, एकीचे वडील शनिवारी बोटीवर. आठ घरांच्या परवानग्या आणि एक तारीख जुळवायची आहे. तोवर त्या मुलीने होडीच्या उरलेल्या निळ्या रंगाचा अर्धा डबा माझ्या ओट्यावर आणून ठेवला आहे.