‘अभयारण्य’ आणि ‘गाळपेर’ : नाथसागराच्या वर्णनातील शब्दविवेक

हिवाळ्यातील पहाटे पाणथळीच्या काठाने केलेली भटकंती हा मराठी ललित गद्याचा एक रूढ विषय होऊन बसला आहे. धुके, दहिवर, थव्यांचा कलकलाट आणि अखेरीस निसर्गाच्या अस्पर्श रूपापुढे जोडलेले हात, असा या लेखनाचा साचा ठरून गेला आहे. त्याची कसोटी पाहावयाची तर नाथसागराचा अहिल्यानगर जिल्ह्यातील काठ विशेष उपयोगी ठरतो.

पैठणजवळ गोदावरीवरील जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले. त्याचा फुगवटा नेवासे व शेवगाव तालुक्यांत शिरला. शेते व गावठाणे पाण्याखाली गेली. १९८६ साली या जलाशयास पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हणजे जे ‘अस्पर्श’ म्हणून वर्णिले जाते, ते मुळात मानवनिर्मित आहे. ‘अभयारण्य’ या समासातील अरण्य येथे नाही. अभय तेवढे उरते. अर्थविस्तार हा भाषेचा नित्यधर्म असल्याने त्यात वावगे काही नाही. परंतु लेखक जुन्या अर्थाच्या आहारी जाऊन उघड्या, उथळ चिखलवटीवर निबिडता लादतो, तेव्हा वर्णन खोटे पडते. गोठलेल्या दलदलीच्या प्रतिमांचेही तसेच. त्या इंग्रजी निसर्गनिबंधातून आल्या आहेत. गोदाकाठची थंडी बोचते, पण जलाशय गोठत नाही.

या काठाचा खरा शब्द ‘गाळपेर’ हा होय. पावसाळ्यानंतर पाणी ओसरू लागते, तसतसा गाळ उघडा पडतो व शेतकरी त्यात पीक घेतो. याच ओसरण्यामुळे शेकाट्या, तुतवार यांसारख्या चिखलात चोच घालणाऱ्या पक्ष्यांना उथळ काठ लाभतो; हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब कोवळे गवत व पिके चरतात. शेतकऱ्याचा आणि पक्ष्याचा हंगाम एकाच शब्दात असा सामावला आहे. साच्यातील लेखनात मात्र त्याला जागा नसते.

पक्ष्यांच्या नावांतही हाच विवेक हवा. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या ‘पक्षिकोशा’चे मोल येथे कळते, पक्षिनामांचा संग्रह हा अभ्यासकाच्या हाती आलेला निरीक्षणांचाच संग्रह असतो. चांदवा या पाणपक्ष्यास ‘वारकरी’ही म्हणतात. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा; नाव देणाऱ्याने पक्षी नीट पाहिला होता, हे उघड आहे. याउलट ‘चक्रवाक’ म्हणताच संस्कृत काव्यातील रात्रविरहाचा संकेत जागा होतो आणि समोरचे विटकरी रंगाचे, हिवाळी पाहुणे असलेले बदक दिसेनासे होते. दोन्ही प्रकारची नावे मराठीचीच आहेत. पण कोणते नाव पाहते आणि कोणते आठवते, हा भेद लेखकाने जाणला पाहिजे.

हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे. ज्या वर्णनात गाळपेर करणारा शेतकरी नाही, ते वाचणाऱ्यास तो पुढे प्रत्यक्ष काठावर भेटला की घुसखोर वाटतो. वास्तविक त्या पाण्याखाली कदाचित त्याच्याच आजोबांचे शेत असते. पक्ष्याला अभय देताना माणसाला वाक्यातून हद्दपार करणारे गद्य कितीही सुंदर असले, तरी त्याचे निरीक्षण अपुरेच म्हटले पाहिजे.