‘थकलेले सैनिक’ : एका उपमेची तपासणी

रोगप्रतिकारक यंत्रणेवरील सोप्या लेखनात एक चित्र हमखास भेटते. शरीर हा किल्ला, जंतू हे शत्रू आणि पांढऱ्या पेशी हे सैनिक. वर्गात हे चित्र उपयोगी पडते, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु यकृताच्या कर्करोगाविषयी लिहिताना तेच चित्र पुढे ओढून ‘लढून लढून सैनिक थकले’ असे सांगितले जाते, तेव्हा उपमा विज्ञानाला सोडून जाते.

टी-पेशींच्या या ‘थकव्या’ची कल्पना आली कोठून? कर्करोगातून नव्हे, तर उंदरांतील विषाणूंच्या अभ्यासातून. एलसीएमव्ही या विषाणूचा संसर्ग चिवटपणे टिकून राहिला, की त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी जिवंत राहूनही काम करीत नाहीत, असे १९९०च्या दशकात दिसून आले. त्याच सुमारास, १९९२ साली, क्योतो येथे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत पीडी-१ हे प्रथिन सापडले. या दोन गोष्टींची सांगड २००६ साली रफी अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी घातली. निष्क्रिय टी-पेशींवर पीडी-१ भरपूर असते आणि त्याची जोडी अडवली, की पेशी पुन्हा कामाला लागतात, असे त्यांनी दाखवले. पीडी-१शी जुळणारे प्रथिन ज्यांच्यात मुळातच नव्हते, असे उंदीर मात्र त्याच चिवट संसर्गात मरण पावले.

म्हणजे हा दमलेल्याचा थकवा नव्हे. अवयव वाचवण्यासाठी लावलेला आवर आहे. यकृताच्या बाबतीत हे विशेष खरे. आतड्यातून येणारे रक्त आधी यकृतात येते. अन्नाचे आणि जीवाणूंचे अंश त्यातून सतत येत असतात. प्रत्येक अंशावर हल्ला झाला, तर यकृत उरणारच नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी वर्षानुवर्षे राहिला, की हा आवर घट्ट होतो आणि पुढे गाठ वाढू लागली, तर तिलाही त्याचा फायदा मिळतो.

उपमा चुकली, तर बिघडले कोठे? थकलेला माणूस विश्रांतीने ताजा होतो. या पेशी तशा होत नाहीत. हिपॅटायटिस सी औषधांनी पूर्ण बरा झाल्यावरही जनुकांच्या नियंत्रणातील खुणा या पेशींत टिकून राहतात, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. थकवा म्हटले की टॉनिक आठवते. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्या बाटल्यांचा धंदा याच समजुतीवर चालतो. पीडी-१चा आवर कोणत्याही काढ्याने सुटत नाही.

‘ब्रेक’ ही उपमा अधिक बरी. पण ‘ब्रेक काढला, रोग गेला’ असे लिहिणेही अर्धसत्यच. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५०१ रुग्णांच्या चाचणीत आवर सोडवणारे अटेझोलिझुमॅब आणि रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे बेवासिझुमॅब एकत्र दिले गेले. वर्षभरानंतर त्या गटातील सुमारे ६७ टक्के रुग्ण हयात होते. सोराफेनिब या जुन्या औषधाच्या गटातील सुमारे ५५ टक्के. प्रगती खरी आहे. पण गाठ लक्षणीय आकसली ती साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांतच. शिवाय मोकळा सुटलेला हल्ला कधी कधी निरोगी अवयवांवर, खुद्द यकृतावरही होतो.

मग वर्गात काय सांगावे? आम्ही घरातल्या फ्यूजचे उदाहरण सुचवू. प्रवाह मर्यादेबाहेर गेला, की तो घर वाचवण्यासाठी मंडळ तोडतो; दमतो म्हणून नव्हे. फ्यूज एका क्षणात तुटतो, पेशींवरचा आवर मात्र हळूहळू बसतो, हा फरकही त्याच तासाला सांगावा. उपमेची मर्यादा सांगणे हाही विज्ञान शिकवण्याचाच भाग आहे.

आणखी एक गोष्ट या लेखनातून बहुधा गळते. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस देण्यास सुरुवात केली. ६ ते १४ वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण १९८१–८६ या काळात लाखामागे ०.७० होते, ते १९९०–९४मध्ये ०.३६वर आले. आवर कसा सोडवावा, याची चर्चा जरूर व्हावी. पण तो बसण्याची वेळच येऊ न देणारी लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत मिळायला हवी, हे वाक्य त्या धड्यात आधी यावे.