साक्षीच्या पिंजऱ्यात धर्मग्रंथ

खटल्यावर नाटक लिहिणे वरवर वाटते तितके सोपे नाही. न्यायालयात संघर्ष आयता मिळतो, दोन पक्ष मिळतात, निकालाची उत्कंठा मिळते. पण खटल्याचा जो खरा प्राण, म्हणजे पुरावा, तो रंगभूमीला मानवत नाही. पुरावा सावकाश चालतो, रुक्ष असतो, आणि प्रेक्षक तर तीन तास रमण्यासाठी आलेला असतो. म्हणून नाटककार पुराव्याच्या जागी वक्तृत्व आणतो आणि युक्तिवादाच्या जागी उपहास. जेरोम लॉरेन्स व रॉबर्ट ली या दोघा अमेरिकन नाटककारांचे ‘इनहेरिट द विंड’ हे नाटक याचे ठळक उदाहरण होय. १९५५ साली ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले आणि १९६० साली स्टॅन्ली क्रेमर यांनी त्याचा चित्रपट केला. शाळेत उत्क्रांती शिकवावी की नाही, या वादाचे जे चित्र आज सुशिक्षितांच्या मनात आहे, ते बव्हंशी या नाटकाने रेखाटलेले आहे. ते कितपत खरे आहे, आणि देवळात जाणाऱ्या, कुळाचार पाळणाऱ्या व मुलांना विज्ञान शिकवू इच्छिणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यातून काय घ्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नाटकातील गाव कल्पित आहे. तेथील केट्स नावाचा तरुण शिक्षक डार्विनचा सिद्धांत शिकवल्याबद्दल तुरुंगात पडला आहे. त्याच्याविरुद्ध ब्रेडी हा देशविख्यात वक्ता उभा राहतो, त्याच्या बाजूने ड्रमंड हा तितकाच विख्यात वकील. गाव भोळसट व आक्रस्ताळे. गावचा धर्मोपदेशक पोटच्या मुलीलाही शाप देण्यास न कचरणारा. ड्रमंड खुद्द ब्रेडीला साक्षीदार म्हणून उभे करतो, बायबलवरून त्याची उलटतपासणी घेतो आणि त्याची पुरती शोभा करतो. शेवटी ब्रेडी भर न्यायालयात कोसळतो व मरतो. पडदा पडण्यापूर्वी ड्रमंड एका हातात बायबल व दुसऱ्या हातात डार्विनचा ग्रंथ घेऊन दोन्ही तोलतो आणि एकत्रच पिशवीत ठेवतो. नाटक म्हणून ही रचना बांधेसूद आहे, आणि शेवटची ती निःशब्द कृती तर साऱ्या संवादांहून अर्थपूर्ण आहे.

परंतु हा इतिहास नव्हे. नाटककारांनी प्रस्तावनेतच तसे बजावले होते. त्यांचा खरा रोख तत्कालीन अमेरिकेतील विचारदडपशाहीवर होता. दोष असेल तर तो नाटकालाच इतिहास समजणाऱ्या प्रेक्षकांचा. मूळ खटला जुलै १९२५ मध्ये टेनेसी राज्यातील डेटन या लहानशा गावी चालला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात झालेल्या बटलर कायद्याने, मनुष्य खालच्या प्राण्यांपासून उद्भवला असे सरकारी शाळांत शिकवण्यास बंदी घातली होती. जॉन स्कोप्स हा चोवीस वर्षांचा शिक्षक आरोपी झाला, तो गावातीलच काही मंडळींच्या आग्रहाने; कायद्याची कसोटी लागावी आणि गावाचे नाव व्हावे, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. स्कोप्स एक दिवसही तुरुंगात गेला नाही. त्याला शंभर डॉलर दंड झाला. विल्यम जेनिंग्ज ब्रायन, म्हणजे नाटकातला ब्रेडी, यांनी तो दंड आपण भरू असे म्हटले होते. खटल्यानंतर पाच दिवसांनी झोपेतच त्यांचे निधन झाले.

ब्रायन निर्बुद्ध नव्हते. तीनदा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिलेला, गोरगरिबांचा कैवार घेणारा तो पुढारी होता. ‘बळी तो कान पिळी’ हा न्याय निसर्गनियम म्हणून मुलांच्या मनावर ठसेल, अशी धास्ती त्यांना होती. आणि स्कोप्सने वापरलेल्या त्याच पाठ्यपुस्तकात मानववंशसुधारणेच्या नावाखाली दुर्बलांविषयी अत्यंत निर्दय मजकूर होता, हे पाहता ती धास्ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. त्यांचा उपाय मात्र चुकला. विज्ञानाचा दुरुपयोग होतो म्हणून विज्ञानच झाकावे, हा तो उपाय.

नाटकाचा मोठा दोष येथे दिसतो. उपहासाने खटला जिंकला, अशी समजूत ते करून देते. प्रत्यक्षात काय झाले? शास्त्रज्ञांची साक्ष ज्यूरीपुढे येऊच दिली गेली नाही. ब्रायन यांची ती गाजलेली उलटतपासणी दुसऱ्या दिवशी नोंदीतून काढून टाकण्यात आली. १९२७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने दंड रद्द केला तो तांत्रिक कारणावर, कारण दंडाची रक्कम ज्यूरीने ठरवावयास हवी होती, ती न्यायाधीशाने ठरवली. कायदा तसाच राहिला आणि १९६७ पर्यंत टिकला. पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांनी पुढील कित्येक वर्षे उत्क्रांतीचा उल्लेख गाळणे किंवा पुसट करणे पसंत केले. टाळ्या एका पक्षाला मिळाल्या आणि वर्ग दुसऱ्याच्या हाती राहिला.

याहून सरस नाट्य ज्याला पाहावयाचे असेल, त्याने ऐंशी वर्षांनंतरच्या डोव्हर खटल्याचे निकालपत्र वाचावे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हरच्या शाळा मंडळाने २००४ साली असे ठरवले की, नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक छोटे निवेदन वाचावे: डार्विनचे मत ही केवळ एक ‘थिअरी’ आहे, तीत उणिवा आहेत, आणि ‘बुद्धिमान रचना’ हा दुसरा पर्याय जाणून घ्यावयाचा असल्यास ग्रंथालयात अमुक पुस्तक ठेवलेले आहे. विज्ञानशिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला. अकरा पालकांनी दावा लावला. सहा आठवडे साक्षी झाल्या आणि २० डिसेंबर २००५ रोजी न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला. हे न्यायमूर्ती रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले; त्यांच्यावर नास्तिकतेचा आरोप कोणी करू धजले नसते.

या निकालपत्राची शैली साधी आहे, पण त्यातील पुराव्याची मांडणी कोणत्याही नाटककाराने हेवा करावा अशी आहे. ग्रंथालयात ठेवलेल्या त्या पुस्तकाचे जुने मसुदे वादींनी मागवले. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सृष्टिविज्ञान’ शाळेत शिकवण्यास मनाई केली होती. त्या निकालानंतरच्या मसुद्यात ‘सृष्टी’ या अर्थाचा शब्द शेकडोच्या घरात खोडून तेथे ‘बुद्धिमान रचना’ घातलेले आढळले. व्याख्या तीच, वाक्य तेच, शब्द तेवढा नवा. एका ठिकाणी तर खाडाखोड करणाऱ्याचा हात चुकला आणि जुन्या शब्दाची दोन टोके नव्या शब्दाला चिकटून राहिली. बनावट दस्तऐवजावर जुन्या शाईचा डाग सापडावा, तसा तो पुरावा होता.

दुसरा प्रसंग मायकेल बेही या प्रतिवादींच्या मुख्य शास्त्रज्ञ साक्षीदाराचा. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा उत्क्रांतीने कशी घडली याचे उत्तर विज्ञानापाशी नाही, असे त्यांचे म्हणणे. वादींच्या वकिलाने त्या विषयावरचे ५८ शोधनिबंध व अनेक ग्रंथ त्यांच्यापुढे रचले. ते पुरेसे नाहीत, एवढेच उत्तर मिळाले. ‘वैज्ञानिक सिद्धांता’ची आपण केलेली व्याख्या मानली तर फलज्योतिषही तीत बसेल, हेही त्यांना कबूल करावे लागले. येथे कोणी कोणाची टर उडवली नाही. उलट, वादींचे पहिले साक्षीदार केनेथ मिलर हे जीवशास्त्रज्ञ स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते, आणि एक कॅथलिक धर्मशास्त्रज्ञही त्याच बाजूने उभे राहिले. खटला धर्म विरुद्ध विज्ञान असा नव्हताच. वर्गात ज्याला विज्ञान म्हणून उभे केले जाते, ते विज्ञानाच्या कसोटीस उतरते काय, एवढाच मुद्दा होता.

‘केवळ थिअरी’ या आक्षेपाला आपल्या भाषेत तर जागाच नाही. आपण ज्याला सिद्धांत म्हणतो, तो पूर्वपक्ष व उत्तरपक्ष होऊन सिद्ध ठरलेला अंतिम निष्कर्ष असतो. ‘हा केवळ सिद्धांत आहे’ असे म्हणणारा मराठी माणूस आपल्याच शब्दाचा अर्थ विसरलेला असतो.

असे असूनही २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत चूक असल्याचे सांगितले. कारण माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी सांगितलेले नाही. देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्याचा प्रतिवाद केला. वकिलाला या आक्षेपाचे विशेष नवल वाटते. प्रत्यक्षदर्शी नसला म्हणजे पुरावाच नसतो, असे मानले तर निम्मी फौजदारी न्यायालये बंद करावी लागतील. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी अतूट असली पाहिजे, आणि तशी असेल तर ती पुरेशी असते. १९८४ च्या सारडा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी बांधून दिली. उत्क्रांतीची साखळी पाहू. चिंपांझी, गोरिला यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसात २३. दोघांचा पूर्वज एक असेल, तर माणसात कोठेतरी दोन गुणसूत्रे जोडली गेल्याची खूण सापडली पाहिजे. ती माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात सापडली: जी रचना एरवी टोकाशी असते, ती येथे मधोमध आहे. दोन कागद एकत्र शिवल्यावर शिवण दिसावी, तशी. आणि येथे माकडाचा माणूस झाला असे कोणी म्हणतच नाही. दोघांचे मूळ एक, एवढेच म्हणणे आहे.

आता आपल्या मंडळीत याच्या नेमका उलट प्रकार अधिक आढळतो. ‘ख्रिस्ती लोकांना डार्विनची अडचण, आम्हाला काय? मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हीच उत्क्रांती. आमच्या ऋषींना ती आधीच ठाऊक होती.’ हे ऐकताना बरे वाटते. पण दशावतारांचा उत्क्रांतीशी मेळ घालण्याची ही कल्पना ऋषींची नाही. थिऑसफीच्या मॅडम ब्लाव्हाट्स्की यांच्या १८७७ च्या ग्रंथात ती आढळते. शिवाय ती विज्ञानालाही जुळत नाही आणि पुराणालाही. उत्क्रांती ही एकामागून एक चढावयाची शिडी नसून फांद्या फुटणारा वृक्ष आहे. तीत कासवातून डुक्कर निघत नाही. पुराणातला वराह डुकराच्या जातीचा प्रतिनिधी म्हणून येत नाही, पृथ्वीला वर उचलण्यासाठी येतो. प्रल्हादाच्या हाकेला जो स्तंभातून प्रकटला, त्याला प्राणिशास्त्रातील मधला दुवा ठरवणे हा त्याचा गौरव काय?

पेडणे भागात किंवा दक्षिण कोकणात जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी उभे राहतात. संकासुर येतो, हसवतो, वेद पळवतो, मारला जातो. संकासुराची हाडे कोणत्या खडकात सापडली, असे तेथे कोणी विचारत नाही आणि त्या कथेचे काही उणेही होत नाही. तिचा अखत्यार निराळा. आपल्या आचार्यांनी हा अखत्यार फार पूर्वी ठरवून ठेवला आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्यांचा अभिप्राय असा की, अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले, तरी त्या बाबतीत त्या प्रमाण ठरणार नाहीत. कारण प्रत्यक्षादी प्रमाणांनी जे कळते, तो श्रुतीचा विषय नव्हे. ब्रायन यांना हे कोणी सांगितले असते, तर ते साक्षीच्या पिंजऱ्यात चढलेच नसते. धर्मग्रंथाला जीवशास्त्राचा साक्षीदार केले की त्याची उलटतपासणी होणारच. आणि ती झाली, तर दोष तपासणाऱ्याचा नव्हे, त्याला तेथे उभे करणाऱ्याचा.

या कामी न्यायालय आपल्याला तारील, अशा भरवशावर मात्र राहू नये. विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम ‘विज्ञान’ म्हणून सुरू करण्याविरुद्ध हैदराबादचे शास्त्रज्ञ पुष्प भार्गव सर्वोच्च न्यायालयात गेले. २००४ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली, कारण अभ्यासक्रम ठरवणे हे तज्ज्ञ मंडळाचे काम असे न्यायालयाने मानले. २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नुसते ‘आनुवंशिकता’ झाले. कारण अभ्यासाचा भार कमी करण्याचे दिले गेले, धर्माचे नव्हे; १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी निषेधाचे पत्र काढले. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात राहिली, हे खरे. पण दहावीनंतर वाणिज्य वा कला घेणारा, किंवा शाळाच सोडणारा मुलगा तेथवर पोहोचतच नाही. त्याच्यापुरता तो प्रश्न कायमचा मिटला. अशा गाळणुकीत ना खटला उभा राहतो, ना नाटक.

म्हणून हे काम न्यायाधीशांआधी पालकांचे आणि शाळा चालवणाऱ्यांचे आहे. राज्यघटनेच्या ५१ अ या कलमात वैज्ञानिक दृष्टी व जिज्ञासा जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ पासून लिहिलेले आहे. ज्या देवस्थानांच्या व मठांच्या आश्रयाने शाळा चालतात, त्यांच्या विश्वस्तांनी तरी आपल्या वर्गात ते गाळलेले प्रकरण शिकवले जाते की नाही, याची चौकशी करावी. ड्रमंडने दोन ग्रंथ एका पिशवीत ठेवले, ते ठीक झाले. एका पिशवीत ठेवलेले दोन ग्रंथ एकाच तासाला उघडावयाचे नसतात, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे देऊळही सुरक्षित राहील आणि शाळाही.